ऱ्होडेशिया १९६५: बंडखोर सरकारची स्थानबद्धता नेमकी कधी बेकायदा झाली?

तळटीप (धागाकर्ता)
मॅडझिम्बामुटो विरुद्ध लार्डनर-बर्क हा खटला बहुतेक पाठ्यपुस्तकं दोन ओळींत उरकतात. दक्षिण ऱ्होडेशिया (आजचा झिम्बाब्वे) या ब्रिटिश वसाहतीचा पंतप्रधान इयान स्मिथने बंड केलं, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (वसाहतींसाठीचं सर्वात वरचं अपील कोर्ट) त्याचे कायदे रद्द ठरवले, संपलं. त्यात खरी गंमत हरवते, ती तारखांमध्ये आहे.

५ नोव्हेंबर १९६५: दक्षिण ऱ्होडेशियात आणीबाणी जाहीर. घोषणा गव्हर्नर सर हम्फ्री गिब्ज यांची, आधार १९६० च्या आणीबाणी अधिकार कायद्याचा.
६ नोव्हेंबर: डॅनिएल मॅडझिम्बामुटो यांना त्याखालच्या नियमांनुसार स्थानबद्ध केलं.
११ नोव्हेंबर: स्मिथची एकतर्फी स्वातंत्र्यघोषणा, म्हणजे यूडीआय. त्याच दिवशी राणीच्या आदेशावरून गव्हर्नरने स्मिथ आणि मंत्र्यांना बडतर्फ केलं.
१६ नोव्हेंबर: ब्रिटिश संसदेचा दक्षिण ऱ्होडेशिया कायदा. दोन दिवसांनी त्याखालचा ऑर्डर इन कौन्सिल (राणीच्या नावाने निघणारा सरकारी आदेश) लागू. वसाहतीच्या विधानसभेला कायदे करायला बंदी, केले तर ते शून्यवत.

आता बघा, पकडलं तेव्हा सगळं रीतसर होतं. गव्हर्नर खरा, कायदा खरा, मंत्रीही तोवर खरा. पण आणीबाणीची मुदत तीन महिने. फेब्रुवारी १९६६ च्या सुरुवातीला ती संपली आणि जिला अधिकारच उरला नव्हता त्या विधानसभेने ती वाढवली. माझं म्हणणं असं की पहिले तीन महिने कायदेशीर, त्यानंतरचा प्रत्येक दिवस बेकायदा, आणि 'गरजेचा सिद्धान्त' (सरकार बेकायदा असलं तरी कारभारासाठी गरजेची त्याची कृत्यं मानायची) ओढूनताणूनही इथे बसत नाही. पटत नसेल तर भांडा.

कुंपणावरचा
ज्याच्या हाती ससा तो पारधी. तुरुंगाच्या किल्ल्या स्मिथकडे होत्या. बाकी सगळा कागदी खेळ.

मुक्ता_दे
@कुंपणावरचा, मग कोर्टाने पाच न्यायाधीश बसवून शेकडो पानं कशाला लिहिली? स्मिथ सरकारला त्या निकालाची गरज होती म्हणून. कुठल्याही देशाने मान्यता दिलेली नव्हती, दक्षिण आफ्रिकेनेसुद्धा औपचारिकपणे नाही. अशा वेळी आपल्याच कोर्टाचा शिक्का लाखमोलाचा असतो.

जुनी_फाईल
तळटीप यांनी तारखा बरोबर मांडल्या आहेत, पण प्रकरण कोर्टात कसं उभं राहिलं ते सांगितल्याशिवाय पेच कळणार नाही.

अर्ज डॅनिएलच्या पत्नी स्टेला यांनी केला. प्रतिवादी दोन: कायदा व सुव्यवस्था मंत्री डेस्मंड लार्डनर-बर्क आणि ग्वेलो तुरुंगाचा अधीक्षक. लिओ बॅरन या वकिलालाही असंच डांबलं होतं, त्याचं प्रकरण सोबत चाललं. अर्जदारातर्फे सिडनी केंट्रिज.

आता अर्जदाराची अडचण बघा. 'हे सरकार बेकायदा आहे' हे सांगायला कोर्टात जायचं, पण कोर्टाचे पगार त्याच सरकारच्या तिजोरीतून. कोर्टालाच बेकायदा म्हटलं तर अर्ज करायला जागाच उरत नाही. म्हणून मांडणी अशी करावी लागते: हे न्यायाधीश १९६१ च्या राज्यघटनेखाली, यूडीआयच्या आधी नेमलेले, त्यांची शपथ त्या घटनेची, तेव्हा त्यांनी तिच्याच चौकटीत मंत्र्याचा अधिकार तपासावा. मंत्र्याचीही पंचाईत तीच. नव्या '१९६५ च्या घटने'खाली कोर्टाने शपथ घेतलेली नाही, त्यामुळे 'आमची नवी घटना आहे' एवढं म्हणून भागत नाही. त्याला दाखवावं लागतं की घटना कुठलीही असो, राज्य प्रत्यक्षात आम्ही चालवतो.

अर्धविराम
म्हणजे दोघांनाही कोर्ट हवं होतं आणि दोघांनाही त्याच्या खुर्चीखाली वाकून बघायचं नव्हतं. झकास.

जुनी_फाईल
अगदी तसंच. सप्टेंबर १९६६ ला लुइस आणि गोल्डिन या दोन न्यायाधीशांचा निकाल आला: १९६१ ची घटना हीच कायदेशीर, स्मिथचं सरकार बेकायदा, तरीही अराजक माजू नये म्हणून त्याचे जे उपाय आधीच्या घटनेतही करता आले असते ते कोर्ट अमलात आणेल. स्थानबद्धता टिकली. अपील विभागाचा निकाल जानेवारी १९६८ चा. तिथे पाच जणांचे सूर वेगवेगळे. सरन्यायाधीश ह्यू बीडल म्हणाले, हे 'डी फॅक्टो' (प्रत्यक्षात सत्ता चालवणारं) सरकार आहे, म्हणून आधीच्या सरकारला १९६१ च्या घटनेखाली जे करता आलं असतं ते यालाही करता येईल. केने आणि मॅकडोनाल्ड यांची मजल त्याही पुढे गेली. फील्डसेंड एकटे वेगळ्या वाटेने गेले.

धोंडोपंत_नागपूरकर
तळटीप, तुमच्या 'ओढूनताणूनही बसत नाही'ला माझा विरोध. गरजेच्या सिद्धान्ताला मोठी परंपरा आहे. अमेरिकन यादवी युद्धानंतर टेक्सास विरुद्ध व्हाइट (१८६९) मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बंडखोर राज्याची शांतता आणि सुव्यवस्थेसाठी लागणारी कृत्यं, म्हणजे लग्नं, मालमत्तेचे व्यवहार वगैरे, वैध धरायची. बंडाला हातभार लावणारी कृत्यं शून्यवत. ऱ्होडेशियात रोमन-डच कायदा असल्यामुळे जुना डच कायदेपंडित ग्रोशियसही हाताशी होता. रोज सकाळी लाखो लोक उठून कामाला लागतात, त्यांचे जन्म-मृत्यूचे दाखले, खरेदीखतं, चोराची शिक्षा हे सगळं रद्द म्हणायचं का?

तळटीप (धागाकर्ता)
@धोंडोपंत, तुमचं टेक्सासचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. लग्न आणि खरेदीखत एका बाजूला, बंडाला हातभार दुसऱ्या बाजूला. विरोधकाला खटल्याशिवाय डांबणं कुठल्या बाजूला टाकाल?

धोंडोपंत_नागपूरकर
ते इतकं सोपं नाही. आणीबाणी यूडीआयच्या आधीची, काळ्या लोकांच्या राष्ट्रवादी पक्षांवरची बंदीही आधीची. कायदेशीर सरकार असतं तरी त्याने त्या माणसाला डांबलंच असतं, किंबहुना डांबलंच होतं. मग फेब्रुवारीतली मुदतवाढ बंडाला मदत कशी?

कलमबहाद्दर
इथे लॉर्ड पिअर्सना आणायलाच हवं, कारण धोंडोपंत बोलताहेत ती त्यांचीच बाजू.

प्रिव्ही कौन्सिलचा निकाल २३ जुलै १९६८. चार विरुद्ध एक. बहुमताचा निकाल लॉर्ड रीड यांचा, त्यांच्यासोबत मॉरिस, विल्बरफोर्स, पिअर्सन. एकटे विरोधात पिअर्स. (पिअर्स आणि पिअर्सन वेगळे. यात हमखास घोळ होतो.)

पिअर्सनी तीन चाळण्या दिल्या. प्रत्यक्ष सत्ता हातात असलेल्यांचं कृत्य मान्य करायचं असेल तर (१) ते राज्याच्या नित्याच्या सुव्यवस्थित कारभारासाठी वाजवी गरजेचं असावं, (२) कायदेशीर घटनेने नागरिकाला दिलेल्या हक्कांना बाधा आणणारं नसावं, (३) सत्ता बळकावण्याला थेट मदत करणारं आणि खऱ्या सार्वभौमाच्या धोरणाविरुद्ध जाणारं नसावं. त्यांना मोठा आधार वाटला गव्हर्नरच्या ११ नोव्हेंबरच्या निवेदनाचा. बडतर्फी जाहीर करताना गिब्ज यांनी न्यायाधीश, पोलीस, लष्कर, सरकारी नोकर सगळ्यांना सांगितलं होतं की कायदा-सुव्यवस्था राखा, नेहमीची कामं चालू ठेवा. म्हणजे खुद्द राणीच्या प्रतिनिधीनेच कारभार चालू ठेवायला सांगितलं, असं पिअर्स म्हणतात.

आणि या चाळण्या लावून ते म्हणतात, अपील फेटाळा.

फील्डसेंडही अशाच कसोट्या लावतात: कारभार चालू राहण्यापुरती गरज, घटनेने दिलेले हक्क शाबूत, बळकावणाऱ्याला फायदा नाही. त्यांचा निष्कर्ष नेमका उलटा, स्थानबद्धता अवैध! एकच मोजपट्टी, दोन मापं. माझ्या मते फरक तिसऱ्या चाळणीत पडतो. फील्डसेंडना दिसतं की आणीबाणीचे अधिकार बळकावणाऱ्याच्या हातात राहणं हाच त्याचा फायदा. त्या अधिकाराने कोणाला पकडलं हे नंतरचं.

मुक्ता_दे
+१. आणि दुसऱ्या चाळणीतच गाडी अडायला हवी होती. १९६१ च्या घटनेत हक्कांचा जाहीरनामा होता. आणीबाणीत हक्क बाजूला ठेवता येतात, पण आणीबाणी रीतसर असली तर. ती विधानसभेने वाढवायची असते, आणि ऑर्डर इन कौन्सिलने विधानसभेला काम करायलाच मनाई केली होती. म्हणजे वाढवायला कोणी नाहीच. जी आणीबाणी अस्तित्वात नाही तिच्या नावाने हक्क बाजूला सारणं हीच बाधा.

सदू_पेंटर
फार भारी चाललंय. पण एक बाळबोध शंका. ब्रिटिश संसदेला १९६५ मध्ये तिथे कायदा करायचा अधिकार होता का? १९२३ पासून ती स्वशासित वसाहत होती ना?

कलमबहाद्दर
शंका बाळबोध मुळीच नाही, बीडलच्या कोर्टातही हाच सूर होता. संकेत असा होता की दक्षिण ऱ्होडेशियाच्या संमतीशिवाय लंडन तिच्या अंतर्गत बाबींत कायदा करणार नाही. रीड यांनी तो अमान्य केला नाही. त्यांचं उत्तर असं की संकेत मोडणं अनुचित म्हणा, 'घटनाबाह्य' म्हणा, पण त्यामुळे संसदेची ताकद कमी होत नाही. संसदेने केलं तर कोर्टाला ते मानावंच लागेल. संसदेची सार्वभौमता शिकवताना हे वाक्य आजही हटकून येतं.

डी फॅक्टो-डी ज्युरेवर (प्रत्यक्षातलं सरकार की कायदेशीर सरकार) रीड म्हणतात की हा भेद आंतरराष्ट्रीय कायद्यात दुसऱ्या देशांनी मान्यता देताना वापरायचा. त्याच देशाच्या कोर्टासमोर, खरा सार्वभौम अजून सत्ता परत मिळवायच्या प्रयत्नात असताना, तो चालत नाही. आणि गरजेच्या सिद्धान्तावर: संसदेने ऑर्डर इन कौन्सिलने ती जागा आधीच भरून टाकली आहे. गव्हर्नरचं निवेदन त्या ऑर्डरवर मात करू शकत नाही.

कुंपणावरचा
पण पाकिस्तान? १९५८ च्या दोस्सो खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने कायदेतत्त्वज्ञ केल्सन काढून दाखवलाच होता की यशस्वी क्रांती हीच नवी कायद्याची मुळं. मग स्मिथने काय घोडं मारलं होतं?

कलमबहाद्दर
दोस्सो आणि युगांडाचा मटोवू (१९६६) हे दोन्ही रीड यांच्यासमोर होते. मटोवू तर जवळचा, बुगांडातला प्रमुख, आणीबाणीच्या नियमांखाली डांबलेला. फरक त्यांनी असा काढला की पाकिस्तान आणि युगांडात जुनी सत्ता पूर्ण मावळली होती, तिच्या वतीने दावा सांगणारं कोणी उरलं नव्हतं. ऱ्होडेशियात दावेदार उभा होता, लंडनमध्ये कायदे करत होता आणि गव्हर्नर राजधानी सॅलिसबरीतल्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये ठाण मांडून बसला होता. खुद्द पाकिस्ताननेही पुढे अस्मा जिलानी खटल्यात (१९७२) दोस्सो गुंडाळून ठेवला. केल्सन बिचारा वर्णन करत होता, लोकांनी त्याचा परवाना केला.

अर्धविराम
दोन सरकारांची गंमत रिझर्व्ह बँकेतही झाली. ब्रिटनने लंडनमध्ये ऱ्होडेशियाच्या रिझर्व्ह बँकेचं वेगळं संचालक मंडळ नेमलं. म्हणजे एक बँक, दोन मंडळं, आणि सही कोणाची खरी हे तुम्ही कुठल्या खंडात उभे आहात त्यावर.

सदू_पेंटर
आणि पोस्टाची तिकिटं? यूडीआयची तिकिटं ब्रिटनने अवैध ठरवून पत्र घेणाऱ्याकडून दंड वसूल केला म्हणे. फिलॅटेलीवाल्यांची चंगळ!

जुनी_फाईल
तिकिटांवरून घटस्फोटावर येतो, कारण धोंडोपंतांच्या 'लग्नं-खरेदीखतं' मुद्द्याला तिथेच उत्तर आहे. अॅडम्स विरुद्ध अॅडम्स, लंडन, १९७०. बाईंना ऱ्होडेशियाच्या हायकोर्टातून घटस्फोट मिळाला होता, पण तो देणारा न्यायाधीश यूडीआयनंतर नेमलेला, १९६१ च्या घटनेची शपथ न घेतलेला. इंग्लंडच्या कोर्टाने तो घटस्फोट मानला नाही. मॅडझिम्बामुटोचा तर्क शेवटपर्यंत नेला की असं होतं: बाई एका देशात घटस्फोटित, दुसऱ्या देशात विवाहित. शेवटी ब्रिटिश सरकारला त्याच वर्षी खास आदेश काढून असे घटस्फोट मान्य करावे लागले.

धोंडोपंत_नागपूरकर
हेच तर म्हणत होतो! पिअर्सची चाळणी लावली असती तर हा तमाशा टळला असता.

मुक्ता_दे
टळला असता, मान्य. घटस्फोटासाठी पिअर्स बरोबर, स्थानबद्धतेसाठी रीड. दोघांना एका माळेत ओवायची सक्ती कुठे आहे?

आपल्याकडे 'डी फॅक्टो' तत्त्व वेगळ्या, शहाण्या रूपात आहे. गोकराजू रंगराजू विरुद्ध आंध्र प्रदेश (१९८१): सत्र न्यायाधीशांच्या नेमणुका नंतर अवैध ठरल्या, तरी त्यांनी दिलेले निकाल सुप्रीम कोर्टाने टिकवले. पण तिथे नेमणुकीतला दोष होता, बंड नव्हतं, आणि नागरिकाविरुद्ध नवा अधिकार कोणी निर्माण करत नव्हतं.

कुंपणावरचा
आपल्याकडच्या शहाणपणाचं फार सांगू नका. १९७६ चा एडीएम जबलपूर विसरलात? रीतसर संसद, रीतसर राष्ट्रपती, रीतसर आणीबाणी, आणि मिसाखाली (विनाखटला स्थानबद्धतेचा कायदा) डांबलेल्याने दाद मागायची नाही. नागपूर खंडपीठासह अनेक हायकोर्टांनी स्थानबद्धांची बाजू ऐकली होती, वरच्या कोर्टाने दार लावलं. त्या बहुमतात आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात तो खोडला गेला, आणि खोडणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव.

धोंडोपंत_नागपूरकर
हा धागा सॅलिसबरीहून नागपूरला आणल्याबद्दल आभार. आता परत चला, नाहीतर संत्र्यांवर उतरू.

तळटीप (धागाकर्ता)
परत येतो. जबलपूरचा फरक मात्र नोंदवून ठेवतो: तिथे प्रश्न होता अधिकार किती, इथे प्रश्न आहे अधिकार कोणाचा. अर्थात कोठडीतल्या माणसाला दोन्हीची चव एकच.

सदू_पेंटर
मग डॅनिएल सुटला का?

जुनी_फाईल
नाही. प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचायलाच अडथळे होते. अपील विभागाने परवानगी नाकारली, म्हणून थेट प्रिव्ही कौन्सिलकडून खास परवानगी घ्यावी लागली. तिथे प्रतिवादींतर्फे कोणी उभं राहिलं नाही. निकाल आला तो जाहीरनाम्यासारखा: यूडीआयनंतरच्या आणीबाणी नियमांना कायदेशीर बळ नाही. पण तुरुंगाचं दार उघडायला स्थानिक कोर्टाने तो निकाल राबवायला हवा, आणि बीडल यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असा निकाल इथे लागू होणार नाही.

ते कधी म्हणाले ते बघा. मार्च १९६८ मध्ये, ढलामिनी प्रकरणात. जेम्स ढलामिनी, व्हिक्टर म्लाम्बो आणि डुली शाड्रेक हे फाशीचे कैदी. २ मार्चला राणीने त्यांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. अपील विभागाने प्रिव्ही कौन्सिलकडे जायला परवानगी दिली नाही, राणीच्या माफीला किंमत दिली नाही आणि ६ मार्चला तिघांना फाशी झाली. म्हणजे राणीच्या नावाने चालणाऱ्या कोर्टाने राणीचीच दया धुडकावली. फील्डसेंड यांनी याच सुमारास राजीनामा दिला.

लंडनचा निकाल आल्यावर ऑगस्टमध्ये न्यायाधीश डेंडी यंग यांनीही खुर्ची सोडली. सप्टेंबर १९६८ मध्ये न्ढलोवू प्रकरणात अपील विभागाने शेवटचा पडदा पाडला: स्मिथचं सरकार आता डी ज्युरे, प्रिव्ही कौन्सिल आम्हाला बंधनकारक नाही.

कलमबहाद्दर
न्ढलोवूमधला आधार मला सर्वात धक्कादायक वाटतो. कोर्ट म्हणतं की आर्थिक निर्बंधांनी हे सरकार पडणार नाही हे आता पुरेशा खात्रीने सांगता येतं, म्हणून ते कायदेशीर. सरकारची वैधता हवामानखात्याच्या अंदाजावर! आणि जानेवारीत डी फॅक्टो असलेलं सरकार सप्टेंबरात डी ज्युरे होतं, तेव्हा मधल्या काळात डांबलेल्यांचं काय, याला उत्तर नाही.

मुक्ता_दे
शेवटी फील्डसेंडच बरोबर ठरले असं म्हणायला हरकत नाही. १९८० मध्ये स्वतंत्र झिम्बाब्वेचे पहिले सरन्यायाधीश तेच झाले.

कुंपणावरचा
ते झाले कारण राज्य बदललं. माझा ससा-पारधी मुद्दा तसाच उभा आहे.

तळटीप (धागाकर्ता)
उभा राहू दे, पण अर्धाच. डिसेंबर १९७९ मध्ये लंडनच्या लॅन्कास्टर हाउसमधल्या वाटाघाटी चालू असताना सॅलिसबरीच्या संसदेने स्वतःच कायदा करून बंड मागे घेतलं आणि लॉर्ड सोम्स गव्हर्नर म्हणून उतरले. चौदा वर्षं ससा धरून बसलेल्या पारध्याला शेवटी कागदावर सही करून तो परत द्यावा लागला. कागदी खेळ म्हणालात, तो इथे कामाला आला.

सदू_पेंटर
आणि मग आणीबाणी संपली एकदाची?

जुनी_फाईल
नाही हो. मुगाबे सरकारने ती तशीच चालू ठेवली, सहा-सहा महिन्यांनी संसदेत वाढवत. संपली जुलै १९९० मध्ये. यावेळी मात्र वाढवणारी संसद पूर्ण कायदेशीर होती, त्यामुळे तळटीप यांची तारखांची युक्ती तिथे चालली नसती.